शाळेच्या मागच्या फाटकापासून

राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांत मी नगर निगमाच्या लायसन्स शाखेत कारकून होते. खोल्या कमी पडत होत्या. आमच्या टेबलांच्या मधोमध दुसऱ्याच खात्याची कपाटं आणून ठेवली होती, आणि दर आठवड्याला नवा आदेश येई. राजधानीत हे चालणार नाही, राजधानीत ते चालणार नाही. त्यातलाच एक आदेश भांगेच्या दुकानांबद्दल होता. परवाना आबकारी खातं द्यायचं, पण जागेचा दाखला आमच्याकडून लागे. शाळेपासून आणि देवळापासून ठरलेलं अंतर भरत नसेल तर दाखला द्यायचा नाही. भांग घोटून विकणारे ठेके त्यात होतेच, पण औषधात भांग घालणारे वैद्यही त्यातच धरले होते.

यादी माझ्या टेबलावर आली. चौथं नाव आमच्या वैद्यकाकांचं होतं.

आमचे बाबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांना नागीण झाली, कमरेपासून पाठीपर्यंत. फोड वाळले, पण आग राहिली. सदरा अंगाला लागलेला सोसत नसे. दवाखान्यातल्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगत, आणि जागे झाले की पुन्हा तेच. शेवटी आई त्यांना वैद्यकाकांकडे घेऊन गेली. वैद्यकाकांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. घरात मराठी, दुकानात छत्तीसगढी. भांग सात पाण्यांनी धुऊन, तुपात भाजून, त्यात सुंठ घालून ते गोळ्या वळत. बाबा हरभऱ्याएवढी गोळी जेवणानंतर दुधातून घेत आणि तासाभराने सदरा घालून अंगणात येऊन बसत. शेजाऱ्यांशी बोलत. एवढंच, पण आमच्या घरात ते फार होतं. दर शनिवारी ऑफिस सुटलं की गोळ्यांची डबी मीच आणत असे.

आणि आता त्याच दुकानाचं माप मलाच घ्यायचं होतं.

साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटलं, माप तर घ्यायचं आहे, त्यात काय. शिपायाला बरोबर घेऊन, टेप घेऊन मी गेले. शाळेचं मोठं फाटक रस्त्यावर होतं. तिथून दुकान चांगलं लांब भरलं. मी टेप गुंडाळायला लागले. तेवढ्यात शिपाई म्हणाला, "दीदी, पीछे भी एक गेट है."

मागच्या गल्लीत खरंच एक लोखंडी फाटक होतं. त्याला कुलूप होतं, कुलपाला गंज होता, आणि समोर कुणीतरी विटा रचून ठेवल्या होत्या. तिथून मोजलं तर अंतर थोडक्यात कमी पडत होतं. वैद्यकाका स्वतः उंबऱ्यावर टेपचं टोक धरून बसले होते. मी टेप जरा सैल धरली असेन. ते म्हणाले, "ताणून धर बेटा. झोळ राहिला तर उद्या तुझ्यावरच बोट ठेवतील."

फाइल दोन दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. टेबलाशी बसवत नव्हतं. उठून पाणी प्यायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत येऊन ड्रॉवर उघडायचे आणि लावायचे. बंद फाटक हे फाटक असतं का? आदेशात फक्त "शाळेपासून" एवढंच लिहिलेलं होतं. पुढच्या फाटकाचं माप लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण शिपायाने पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर शिपायापेक्षा मलाच माझी धास्ती वाटत होती. हे मी वैद्यासाठी लिहिणार की बाबांसाठी, तेच मला सांगता येईना.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते पाय हलवत खुर्चीत बसले होते.

"मले काहून विचारून राहिली?" ते म्हणाले. "मी आडवा आलो म्हणून सिग्नल बदलतो का? जे दिसलं ते लिही."

"आणि गोळ्या?"

"पाहू."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मापं लिहिली. मागचं फाटक बंद असतं, हेही लिहिलं. खाली लिहिलं की माझे वडील याच वैद्यांचं औषध घेतात, म्हणून निर्णय दुसऱ्याने घ्यावा. साहेब भोपाळहून आलेले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, फाइल में इतना कौन लिखता है?"

"सच है सर."

"वो तो दिख रहा है." त्यांनी फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली.

शेजारच्या सहकाऱ्याने जागेवर न जाता, माझीच मापं समोर ठेवून शेरा लिहिला: फाटक बंद असलं तरी शाळेचंच. दाखला नाकारला. आठवड्याभरात दुकानाला सील लागलं.

बाबांकडे पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या. त्यांनी त्या अर्ध्या करून महिना काढला. मग सदरा खुंटीवर गेला. ते उघड्या अंगाने घरात येरझारा घालत. दार, स्वयंपाकघर, दार. आई म्हणायची, "बसा ना थोडं." ते बसत आणि उठत. मला ऑफिसातही ती पावलं ऐकू यायची.

एका रविवारी मी वैद्यकाकांच्या घरी गेले. पायऱ्यांवर एक माणूस बसला होता, गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं. गोल बाजारात शिवणकाम करायचा. घशाचा कॅन्सर होता. आवाज जवळजवळ गेलेला. त्याच्या बायकोने मला सांगितलं, "ओ दवई ले दू कौंरा भात खा लेत रिहिस." त्या औषधाने तो दोन घास भात तरी खायचा. मी कुठे काम करते हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

आत वैद्यकाका एकटेच होते. मी चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, घरात थोडं ठेवलेलं असेल तर..."

त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "आहे. मागच्या खोलीत, सीलबंद. आबकारीवाले मोजून गेलेत." मग म्हणाले, "तू लायसन्सची बाई. तूच सांग, देऊ?"

मी चप्पल घालून बाहेर आले, आणि पायऱ्यांवरच्या त्या दोघांच्या बाजूने खाली मान घालून गेले.

त्यानंतर मी जे करू शकत होते ते केलं. नव्या जागेचा अर्ज कसा लिहायचा, कोणती कागदं लावायची, हे वैद्यकाकांना सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून लेखी आणलं की मागचं फाटक वापरात नाही. साहेबांच्या दाराशी इतक्या वेळा गेले की त्यांचा शिपाई मला पाहूनच मान हलवायचा. जुन्या जागेचं काही झालं नाही. पण जवळजवळ वर्षाने पंडरी बाजाराच्या पलीकडे, कपड्याच्या गोदामांमागे, एका खोलीला दाखला मिळाला.

मी बाबांना रिक्षाने घेऊन गेले. नवी पाटी, नवं रजिस्टर. वैद्यकाका आता प्रत्येकाकडे डॉक्टरची चिठ्ठी मागत होते. बाबांना त्यांनी डबी पुढे केली. बाबांनी ती परत सरकवली.

"आता लागत नाही," ते म्हणाले. "आग कमी झाली."

नागिणीची आग कधीकधी आपोआप ओसरते, असं डॉक्टरही म्हणाले होते. बाबांनी सदरा घातलेला होता, आणि रिक्षात वाटभर ते पाठ न टेकवता ताठ बसले होते. खरंच कमी झाली होती, की माझ्यासाठी म्हणत होते, ते मी विचारलं नाही.

निघताना मी वैद्यकाकांना त्या शिवणकाम करणाऱ्या माणसाबद्दल विचारलं.

"तो फागुनातच गेला," ते म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये पुढच्या माणसाचं नाव लिहू लागले.