पडलेली डिस्क

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. फोनवर आईजवळ नाही, बरोबर स्पीकर उचलणाऱ्या पोरांजवळ नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

मी मूळचा धुळ्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि एका साउंडवाल्याच्या मागं परभणीला आलो. तो पुढं निघून गेला, मी राहिलो. बुवांनी ठेवून घेतलं. बुवा कीर्तनकार. सोनपेठपासून ताडकळसपर्यंत त्यांना बोलावणं यायचं, आणि माईक-स्पीकर माझ्याकडं. काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, पहिल्याच जेवणाला ताट पुढं सारलं आणि म्हणाल्या, "खानदेशातला हायस म्हणं. मग ठेच्यानं रडणार न्हाईस." माडीवरची खोली दिली. भाड्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. हे आधी सांगतोय — कारण पुढचं वाचताना हे लक्षात राहिलं पाहिजे.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कायमचा. बुवांना रेकॉर्डिंग आवडायचं नाही. ऐकायचं तर समोर येऊन बसा, म्हणायचे. त्यामुळं घरात त्यांचा आवाज कुठंच नव्हता. होता तो लोकांच्या मोबाइलमध्ये, तुकड्या-तुकड्यांत. काकूंनी ठरवलं, गावोगाव फिरून तो गोळा करायचा. पण ठेवायचा कशात? ते ठरवायचं काम माझ्याकडं आलं. वायरी जोडतो म्हणजे पोराला कॉम्प्युटरही कळत असणार. मला कळत नाही, असं मी म्हणालो का? नाही.

दुकानदारानं विचारलं, "डिस्क घरी ठेवायची का हिंडवायची?" मी म्हणालो, दोन्ही. त्यानं घरासाठी दोन डिस्क बसणारा एक डबा दिला. तो वायफायला जोडायचा, म्हणजे बुवांना खाटेवरूनच मोबाइलवर ऐकता येईल. आणि काकूंच्या पिशवीसाठी तळहाताएवढी वेगळी डिस्क, रबरी कव्हराची, धक्के सोसणारी. "डब्यातल्या दोन्ही डिस्कमध्ये तेच-तेच ठेव," तो म्हणाला, "एक गेली तरी दुसरी हाय." हे वाक्य मी घरी येऊन काकूंना ऐकवलं, माझंच असल्यासारखं.

डबा लावताना पडद्यावर सगळं इंग्रजी. दोन पर्याय होते. एकात जागा कमी दिसत होती, दुसऱ्यात दुप्पट. दुप्पट म्हणजे चांगलंच की — मी दुप्पट निवडली. त्यात दोन्ही डिस्क मिळून एकच मोठी डिस्क होते, आणि एक गेली की सगळंच जातं, हे मला कुठं ठाऊक होतं?

इतकंच असतं, तर ती नुसती चूक असती. चुकीसाठी मी हे लिहीत नाही.

काकू एसटीनं हिंडायच्या. संध्याकाळी आल्या की पिशवीतली डिस्क डब्याला लावायच्या, सगळं आत गेलं की ती पुढच्या गावासाठी रिकामी करायच्या. मीच शिकवलं होतं तसं. गावातले लोकही मोबाइल भरला की पुसून टाकायचे — काकूंकडं हाय की आता. आणि बुवा खाटेवर पडून स्वतःलाच ऐकायचे. ओठ हलायचे त्यांचे.

एके सकाळी डबा वाजायला लागला, लाल दिवा लागला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एक डिस्क गेलीय. दोन्ही एकात केल्यास का? मग गेलं की रं सगळं." काकू तेव्हा ताडकळसला होत्या, तिथल्या लोकांच्या मोबाइलमधून आवाज उतरवून घेत होत्या. मी फोन करायला हवा होता. मी डबा बंद केला आणि बसून राहिलो. आता हे मला घरातून काढून देतील — दुसरं काही सुचेना. कुठं जायचं? धुळ्याला काय होतं?

काकू आल्या त्या घाबऱ्याघुबऱ्या. "उतरताना पिशवी निसटली रे. डिस्क आपटली बघ खाली. काय होतंय का?"

त्यांनीच डबा चालू केला, त्यांनीच ती डिस्क लावली. मी बघत होतो. लाल दिवा लागला.

आणि मी म्हणालो — "काकू, पडलेली डिस्क लावायला नको होती."

एवढंच वाक्य. काकू आहे तिथंच खाली बसल्या. बुवा खाटेवरून उठले, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडं आले आणि माझी पाठ थोपटली. त्यांना वाटलं, पोराला लागलंय मनाला.

त्यानंतर काकू कुठल्याच गावाला गेल्या नाहीत. माझा हात लागला की जातंय, म्हणायच्या. स्वतःचा मोबाइल चार्जिंगलासुद्धा मला लावायला सांगायच्या. तेव्हा कितीतरी लोकांकडं ते आवाज अजून होते. चला, पुन्हा फिरू, मी येतो बरोबर — एवढं म्हणालो असतो तर निम्मं तरी परत आलं असतं. पण पुन्हा म्हणजे नवा डबा, नवे प्रश्न. मी बोललो नाही. लोकांचे मोबाइल बदलत गेले.

आणि ती पडलेली डिस्क? टाकून देतो म्हणून माडीवर नेली, सहज साउंडच्या मिक्सरला लावून बघितली. वाजली. कुठं काही बिघडलं नव्हतं. ताडकळसचं कीर्तन. मधेच एक लेकरू रडतं, बुवा म्हणतात, "रडू द्या त्याला, आपण तरी दुसरं काय करायलोत?" लोक हसतात. मग, "माईकवाल्या, झोपलास का रं?"

तो मीच.

ती खाली नेऊन दिली असती, तर माझं वाक्य खोटं ठरलं असतं. मी ती पेटीत ठेवली, कपड्यांखाली.

बुवा गेले. तेराव्याला ताडकळसहून आलेला एक म्हातारा म्हणाला, "बुवांचं काही ऐकवा की, माय." काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "न्हाई हो. माझ्याच हातून गेलं ते." तेव्हा मी कोपऱ्यात स्पीकरची वायर जोडत होतो. जोडत राहिलो.

अजून त्याच खोलीत राहतो, त्यांच्याच हातचं जेवतो. परवा वाढता वाढता काकूंनी विचारलं, "तुला त्यांचा आवाज आठवतो का रे? मला आता नीट आठवत न्हाई."

मी म्हणालो, आठवतो.

काकूंची खाट खाली आहे, माझी पेटी माडीवर, बरोबर तिच्या डोक्यावर. डिस्क मी अधूनमधून लावून बघतो. अजून चालते.