नऊ नंबरचा फ्लॅग

आमची पोस्टिंग उत्तरेतल्या एका बर्फाळ चौकीवर होती. सेक्टरचं आणि चौकीचं नाव लिहीत नाही. उंची चौदा हजार फुटांच्या वर. आम्ही सात जण होतो. सुभेदार कदम साहेब पोस्ट कमांडर. नाईक सुधाकर साळवे रेडिओ सेट आणि टेलिफोनची तार सांभाळायचा. मी लान्स नाईक मुठे, अकोले तालुक्यातल्या राजूरकडचा. साळवे नगरला लागून असलेल्या भिंगारचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून बंकरमध्ये आमचे बिछाने शेजारी होते.

मी आता रिटायर्ड आहे. नगरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वर्गातली मुलं मला काका म्हणतात आणि फौजेतलं काहीतरी सांगा म्हणतात. मी थंडीचं सांगतो, केरोसीनच्या स्टोव्हचं सांगतो. ही गोष्ट सांगत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे मी एका प्रश्नाला खोटं उत्तर दिलं होतं. ते इथे लिहायचं आहे. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं रुटीन साधं होतं. ०५०० ला उठणं, बर्फ वितळवून पाणी, पहाऱ्याची संत्री ड्युटी, शस्त्रांची सफाई. चौकीपासून खाली रेशन डंपपर्यंत एक वाट होती. तिच्यावर बांबूला लाल कापड बांधून फ्लॅग लावलेले होते, एक ते बावीस. उतरताना फ्लॅग सोडून उजवीकडे पाऊल टाकायचं नाही, ही पहिली ऑर्डर. उजवीकडे दरी होती आणि तिच्यावर बर्फाची कड पुढे आलेली होती. वरून सपाट अंगण वाटायचं. खाली काहीच नसायचं. नऊ नंबरच्या फ्लॅगला वाट डावीकडे वळायची. तिथपर्यंत एकट्याने जायला परवानगी होती. त्यापुढे दोघे आणि दोर.

रोज १६३० ला साळवे गोल्फ खेळायचा.

म्हणजे बिछान्यावर बसून, डोळे मिटून. त्याचे वडील, म्हणजे दादा, नगरच्या छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर कामाला होते. शाळा सुटली की साळवे तिथेच साहेबलोकांच्या बॅगा उचलायचा. सुट्टी मिळाली की एक दिवस कसा घालवायचा, हे त्याने ठरवून ठेवलं होतं आणि तो ते आम्हाला मोठ्याने सांगायचा.

"डिसेंबर. सोमवार. सोमवारी मैदान बंद असतं, मेंबर येत नाहीत. सकाळचे सात. गवतावर दव. एक नंबरला दादा उभे आहेत."

"दादा? आणि तू?" पहिल्या दिवशी मी विचारलं होतं.

"मी बॅग उचलणार. खेळणार दादा. तीस वर्षं झाली त्यांना तिथं, अजून एक बॉल मारलेला नाही."

कदम साहेब स्टोव्हजवळून म्हणायचे, "साळवे, आज तरी बॉल पाण्यात घालवू नकोस."

"साहेब, नगरच्या मैदानात पाणी कुठून आणू?"

सगळे हसायचे. तो एकेक होल सावकाश सांगायचा. दोन नंबरला बाभळ आडवी येते. पाच नंबरला टिटवी ओरडते. आणि होलाभोवती हिरवळ नसते, तिथे ब्राऊन असतं. पाणी कमी, म्हणून वाळूत गाड्यांचं जळकं ऑईल मिसळून गोल अंगण करतात. खेळून झालं की त्यावर उमटलेली पावलं पुसायची. पोतं गुंडाळलेली फळी ओढायची, सर्र सर्र. ते काम त्याच्या वडिलांचं. "मागून येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं कुणी आलंच नव्हतं," साळवे सांगायचा. "दादा स्वतःचं पाऊलसुद्धा ठेवत नाहीत."

आठ होल झाली की तो डोळे उघडायचा. नववं कधीच सांगायचा नाही. "ते तिथं जाऊनच," म्हणायचा. त्याच्याकडे एक जुना पिवळा पडलेला बॉल होता. तो उशाखाली ठेवायचा.

जानेवारीत त्याची सुट्टी मंजूर झाली. दहा दिवसांनी त्याला खाली उतरायचं होतं. मला वाटलं, जाण्याआधी त्याच्यासाठी एक गंमत करावी. दुसऱ्या दिवशी हवा मोकळी होती. साळवे सेटवर होता. १३४० ला मी बर्फ आणायचा म्हणून खाली गेलो. नऊ नंबरच्या फ्लॅगच्या उजवीकडे, बारा पावलांवर, बर्फ टेबलासारखा सपाट होता. मी तिथे दुधाचा रिकामा डबा तोंडापर्यंत पुरला. नऊचा फ्लॅग उपटला आणि डब्याशेजारी रोवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आणून दाखवायचं, बॉल डब्यात घालायला लावायचा, आणि फ्लॅग परत जागेवर लावायचा, असं ठरवलं होतं.

ऑर्डर मला पाठ होती. पण तिथे उभा राहिलो तेव्हा पायाखाली घट्ट लागलं, एवढंच मी पाहिलं.

१४१० ला धुकं आलं. साहेबांनी शिट्टी मारून मला वर बोलावलं. रात्रभर वारा होता. सकाळी मी फ्लॅग विसरलो होतो. हे लिहायला सोपं वाटतं. पण खरंच विसरलो होतो.

सकाळी टेलिफोन बंद होता. ०८०० ला खालून सहा जणांची रेशन पार्टी निघणार होती. ०६४० ला साळवे तार तपासायला निघाला. मी संत्री होतो. त्याच्याकडे वॉकी-टॉकी, फावडं आणि तारेचं भेंडोळं होतं. फावड्याला गोणपाट गुंडाळलेलं असायचं, बर्फ चिकटू नये म्हणून.

"नऊपर्यंत बघून येतो," तो म्हणाला. "चहा ठेव."

धुक्यात तो पाचव्या पावलाला दिसेनासा झाला. बुटांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, जणू तो दूर जातच नव्हता.

०६५८ ला माझ्या सेटवर त्याचा आवाज आला. नियमाने सेटवर हिंदी बोलायची. तो मराठीत बोलला.

"मुठे, मी फ्लॅग नऊला आहे. फ्लॅग जागेवर नाही. ओव्हर."

तेव्हा मला आठवलं.

"साळवे, तिथंच थांब. हलू नको. मी येतोय. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर.

"इथं डबा पुरलाय. तू पुरलास का? ओव्हर."

"हो."

तो हसला. मला नक्की ऐकू आलं. मग म्हणाला, "तू येऊ नको. वाट बिघडली आहे. पार्टी यायच्या आत नीट करून येतो. आउट."

मी साहेबांना उठवलं, दोर घेतला. चार-पाच मिनिटं गेली असतील. सेट चालूच होता. त्याचं बटण बहुधा दाबलेलं राहिलं होतं. त्यातून सर्र सर्र असा आवाज येत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. मग आवाज बंद झाला.

आम्ही ०७२० ला पोचलो. नऊचा फ्लॅग आपल्या जागेवर उभा होता, घट्ट रोवलेला. त्याच्या उजवीकडे एकही पाऊल नव्हतं. माझी आदल्या दिवशीची नव्हती, त्याचीही नव्हती. बर्फ तव्यासारखा साफ होता. मी जिथे डबा पुरला होता तिथली कड तुटून गेली होती. तुटलेल्या रेषेला लागून साफ केलेल्या बर्फाचं अर्धं वर्तुळ उरलं होतं.

कदम साहेब खाली वाकून बघत राहिले. "वाऱ्यानं पुसलं," ते म्हणाले. त्या वेळी वारा नव्हता.

०९१५ ला रेशन पार्टी आली. धुक्यातून एकेक फ्लॅग पकडत नऊला वळून नीट वर आली. साळवे त्यांना ११३० ला खाली सापडला. बॉल त्याच्या कोटाच्या खिशात होता. पुढे सामान घरी पाठवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी बॉल माझ्या हातात दिला. "हा तू स्वतः दे."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "मार्कर फ्लॅग जागेवर होते का?"

"होते, साहेब."

आम्ही पोचलो तेव्हा होताच, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरही आम्ही त्या चौकीवर सात आठवडे होतो. तार जोडली होती. पहिल्याच आठवड्यात एकदा १६३० ला टेलिफोन वाजला. मी उचलला. पलीकडे कुणी नव्हतं. नुसता आवाज, सर्र सर्र. आधी जवळून. मग थोडा थांबून किंचित लांबून. मग आणखी लांबून. कुणीतरी मोठं मोठं होत जाणारं वर्तुळ काढावं तसा. खाली विचारलं तर त्यांनी फोन केलाच नव्हता.

"वाऱ्यानं बर्फ तारेवर घासतो, चार्ज येतो, घंटी वाजते," साहेब म्हणाले. "वाजू दे."

ते बरोबर आहे. पुढे इतर चौक्यांवरही मी अशी घंटी ऐकली. पण आमच्या इथे ती बहुतेक १६३० च्या आसपासच वाजायची आणि साहेबही त्या वेळी स्टोव्ह बारीक करायचे.

बॉल मी अकरा वर्षं दिला नाही. दोनदा भिंगारपर्यंत जाऊन परत आलो. एक प्रश्न सुटत नव्हता. त्याने फ्लॅग परत जागेवर लावला होता. म्हणजे तो सुरक्षित वाटेवर आला होता. मग परत कडेला का गेला? कधी कधी वाटायचं, माझ्यावर चिडून डबा काढायला गेला असेल.

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी मी गेलो. दादा आता थकलेत, तरी ब्राऊन करायला त्यांनाच बोलावतात. मी गेटवर माजी सैनिकाचं कार्ड दाखवलं. सात वाजले होते. दव होतं.

"जयभीम, दादा. मी मुठे. सुधाकरच्या पोस्टवरचा."

"जयभीम. लई उशीर केलास रे बाबा," ते म्हणाले. कशाबद्दल म्हणाले, ते मी विचारलं नाही.

साळवे सांगायचा त्या क्रमाने आम्ही चालत गेलो. मैदानात दुसरं कुणी नव्हतं. मी सांगत होतो आणि दादा ऐकत होते. दोन नंबरला मी म्हणालो, "इथं बाभळ आडवी येते."

दादा थांबले. "ती तोडून लई वर्सं झाली. तुला कुनी सांगितलं?"

पाच नंबरला टिटवी ओरडली. आता बऱ्याच ठिकाणी हिरवळ केली आहे. नववं अजून ब्राऊनच आहे, काळं, गुळगुळीत. एकही पाऊल नव्हतं.

तिथे मी सगळं सांगितलं. डबा, फ्लॅग, सेटवरचं बोलणं, इन्क्वायरीतलं उत्तर. उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं होतं ते मारतील किंवा निघून जातील. ते ब्राऊनकडे बघत होते.

"फ्लॅग त्यानं जाग्यावर लावला व्हय?"

"हो. मग परत कडेला का गेला ते कळत नाही, दादा."

"त्यात न कळन्यासारखं काय हाय?" ते म्हणाले. "फ्लॅग जाग्यावर आला, पन तुमची पावलं तिकडंच गेल्ती ना? मागनं मानसं येनार हुती. धुक्यात मानूस पावलं बघून चालतो. पुसाया नगं?"

"पण ते लांबून, वाटेवर उभं राहून पुसता आलं असतं."

"न्हाई." त्यांनी फळी उचलली. "होलापास्नं सुरुवात करावी लागती. मधनंच वढली तर तुझीच पावलं मागं ऱ्हात्यात. मीच शिकिवलं त्याला."

त्यांनी फळी ब्राऊनच्या कडेला टेकवली.

मग मी बॉल दिला. त्यांनी तो शर्टाला पुसला. "मला काय येतंय," म्हणाले. पण शेडमधला एक जुना पटर, बॉल होलात ढकलायची काठी, घेऊन आले. होलापासून चार पावलांवर उभे राहिले. पहिला बॉल पुढे गेला. दुसऱ्या वेळी आत पडला. आतल्या डब्यावर टक असा आवाज झाला.

"झालं त्याचं," दादा म्हणाले आणि फळी माझ्या हातात दिली. "आता तू वढ."

मी होलापासून सुरुवात केली. फळी मागे, आपण पुढे, गोल गोल. सर्र सर्र. आधी जवळ, मग थोडं लांब. तो आवाज मी ओळखला. मान वर केली नाही. शेवटच्या फेरीला ब्राऊनच्या बाहेर पाय टाकला आणि वळून बघितलं.

होलाशेजारी एक पाऊल होतं. बुटाचं, मैदानाकडे तोंड असलेलं. मी चप्पल घालून होतो आणि दादा अनवाणी.

माझी फळी तिथे उचलली गेली असेल. आधीचा एखादा ठसा ऑईलखाली राहिला असेल. मी परत आत जायला निघालो.

दादांनी माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "एवढं एक ऱ्हाऊ दे."

नाईक सुधाकर साळवे, राहणार भिंगार. ०६५८ ला तो माझ्याशी शेवटचं बोलला. त्या दिवशी सहा माणसं त्या वाटेने सुखरूप वर आली. नऊ नंबरचा फ्लॅग मी हलवला होता.