सोबत न्यायच्या ढिगातलं पुस्तक

ही गोष्ट ऐकलेला कान या जगात नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही हिच्या कडेकडेनंच गेले. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. माझं मलाच नीट उमगलेलं नाही.

आधी मालनवन्संबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मला बरं वाटतं, त्यामुळं मी तिथंच रेंगाळेन कदाचित. रेंगाळले तर ओळखा, पुढचं जड जातंय.

मी वडूजकडची. माहेरी कोरडवाहू शेती, शाळा सातवीपर्यंत, आणि मग बाहत्तरचा दुष्काळ. तो सरता सरता माझं लग्न झालं आणि मी आष्ट्याला आले. इथं ऊस, हळद, विहिरीला पाणी — मला तर दुसऱ्याच देशात आल्यासारखं झालं. घरात सासू-सासरे, हे, आणि यांची थोरली बहीण. त्याच मालनवन्सं. त्यांचे मालक फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईला गेले ते परत आले नाहीत. मूलबाळ नव्हतं. वन्सं माहेरी परतल्या त्या एक काळी लोखंडी ट्रंक घेऊन. भावाला वाटलं कपडेलत्ते असतील. उघडली तर आत पुस्तकं. वन्संचे मालक रजेवर येताना पुण्यात उतरायचे, पुस्तकं घ्यायचे आणि मगच गावाकडची गाडी धरायचे म्हणे.

दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात आम्ही दोघी शेंगा फोडत बसायचो. वन्सं एका हातानं शेंगा फोडायच्या, मांडीवर पुस्तक, आणि मोठ्यानं वाचायच्या. ऐन रंगात आलं की थांबायच्या. "पुढचं तू वाच." मी बोट ठेवून एकेक शब्द जोडत वाचायची, घामाघूम व्हायची. त्या कधी हसल्या नाहीत. शब्द अडला तर सांगायच्यासुद्धा नाहीत, नुसत्या वाट बघायच्या. तशी वाट माझी कुणी कधी पाहिली होती का हो? माहेरी नाही, शाळेत तर नाहीच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या आतून ओरडायच्या, "दोगी बी वाचत बसल्या तर म्हस काय सोताची धार सोता काडून घेणार व्हय?"

"मी काडते धार," वन्सं उठायच्या. "तिला तेवढं पान पुरं करू दे, आये."

धार काढायचं काम माझं होतं. मी पान पुरं करायची आणि वन्सं म्हशीखाली बसायच्या. असं किती दिवस चाललं, कुणी मोजलं नाही. पण त्या दोन वर्षांत मला वाचायचं व्यसन लागलं. व्यसनच म्हणते. चुलीपुढं पुस्तक, न्हाणीत पुस्तक. डोक्यात सारखं कुणीतरी बोलत असायचं, आणि मला त्या घरात एकटं वाटणं थांबलं. हे सगळं त्यांचं देणं आहे. आज मी जी काय आहे, ती त्या सोप्यात झाले.

मग साताऱ्याहून बोलावणं आलं. मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. वन्सं मॅट्रिक झालेल्या, त्यांना ती जागा मिळाली. राहायला एक खोली. त्यात अंथरूण, स्टोव्ह आणि ट्रंक ठेवली की संपलं. दोन वर्षांत पुस्तकं ट्रंकेबाहेर वाढली होती, सगळी नेणं शक्यच नव्हतं. मग सोप्यात ढीग पडले. एक सोबत न्यायचा. एक सांगलीला बदलायचा — तिथं एका बोळात एक म्हातारे आण्णा जुनी पुस्तकं विकायचे आणि पुस्तकाला पुस्तक बदलूनही द्यायचे. आणि एक गावच्या शाळेला द्यायचा.

वन्संची निवड करायची रीत मला अजून आठवते. पुस्तक हातात घ्यायचं, क्षणभर तोलायचं. "हे मला कळलं, आता दुसऱ्या कुणाला कळू दे" — शाळेच्या ढिगात. "हे एकदा वाचायचं, संपलं" — बदलायच्या ढिगात. "हे अजून कळायचंय" — सोबत. पण या सगळ्याच्या आधी त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "पैल्यांदा तू घे. तुला पायजे ती उचल. मग उरलेल्याचं मी बघते." मी लाजत लाजत थोडी उचलली. त्यांनी त्यावर आणखी ठेवली. ठेवतच राहिल्या.

म्हणजे बघा — मला मिळालं नव्हतं असं नाही.

आता सांगते.

त्या पुस्तकांत एका कादंबरीचा पहिला भाग होता. नायिका रात्रीची नावेत बसते, पूर आलेला असतो, आणि भाग संपतो. दुसरा भाग ट्रंकेत नव्हता. मी आधी एकदा यांच्याबरोबर सांगलीला गेले होते, तेव्हा तो आण्णांच्या दुकानात पाहिला होता. आण्णा म्हणाले होते, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक आणा आणि घेऊन जा. तेव्हापासून ती बाई माझ्या डोक्यात त्या नावेतच बसून होती.

हळद घेऊन हे बाजाराला निघाले, त्या दिवशी मीही बरोबर निघाले. वन्संनीच धाडलं मला, बदलायची पुस्तकं घेऊन. पिशवी भरताना पाहिलं — त्या ढिगात सगळे जुने दिवाळी अंक आणि पातळ कव्हराची पुस्तकं. पुठ्ठ्याचं एकही नाही. वन्सं पाण्याला गेल्या होत्या. मी सोबत न्यायच्या ढिगातलं एक पुस्तक उचललं. करड्या कव्हराचं, बारीकसं. ते वाचताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. म्हटलं, वन्संना काय कळणार आहे? पिशवीत अगदी खाली घातलं.

इथवर सांगून थांबले तर तुम्ही म्हणाल, पोरवय, वाचायची भूक, होतं असं. म्हणूनच इथं थांबता येत नाही.

आण्णांनी पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "बाई, ह्यात कुणीतरी लिवलंय की. घरातलं कुणाचं तर न्हाई न्हवं?"

मी बघितलं. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, बारीक, सरळ अक्षर. ट्रंकेतल्या दुसऱ्या पुस्तकांवर नाव घातलेलं होतं, तेच अक्षर. मी ओळखलं. एका पानावर लिहिलं होतं — हे मालनला वाचून दाखवायचं. पुढं आणखी एका ठिकाणी — इथं मालन हसेल. आणि एका पानावर नुसतं — रजा मिळाली तर.

मी ते वाचलं. अडखळत नाही, घडाघडा वाचलं. आता मला वाचता येत होतं ना.

"न्हाई," मी म्हणाले, "कुणाचं न्हाई. असंच कुणीतरी रेघोट्या मारल्यात."

"मग खोडून द्या," आण्णा म्हणाले. "लिवलेलं पुस्तक गिऱ्हाईक घेत न्हाई." आणि त्यांनी गल्ल्यातलं खोडरबर माझ्यापुढं सरकवलं.

मी स्टुलावर बसले आणि खोडलं. एकेक पान उलटून खोडलं. ते म्हातारे दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते, बाहेर सायकलींच्या घंटा वाजत होत्या, आणि मी एका मेलेल्या माणसानं आपल्या बायकोसाठी लिहिलेले शब्द खोडत होते. मधेच थांबावंसं वाटलं का? वाटलं असतं तर सांगितलं असतं. हात भराभर चालत होता. मनात काय होतं, त्याचा मी पुढं पुष्कळदा शोध घेतला. कादंबरीची ओढ होती, ती तर होतीच. पण प्रत्येक पानावर मालन, मालन — आणि माझा नवरा चांगला माणूस, पण त्यानं माझं नाव कधी कुठं लिहिलं होतं? हेवा होता का तो? असेल. आणि त्या मला सोडून चालल्या होत्या, त्याचा रागही असेल. असलं काहीही असेल. खोडलं मी.

रबराचा चुरा पदरावर पडला होता. तो झटकला आणि दुसरा भाग घेऊन मी बाहेर पडले.

तो भाग मी दोन दिवसांत वाचून काढला. आणि खोटं कशाला बोलू — आवडला.

वन्संनी ट्रंक भरायला घेतली, तेव्हा त्यांना ते पुस्तक दिसेना. आधी सावकाश शोधलं. मग सगळी ट्रंक रिकामी केली. शाळेचा ढीग उपसला. कणगीमागं, माळ्यावर, धुण्याच्या गाठोड्यातसुद्धा बघितलं. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा मला कळलं, त्या ते पुस्तक का वाचत नव्हत्या. मालकांनी ते पलटणीत असतानाच वाचलं होतं, शेवटच्या रजेला घरी आणलं होतं आणि वाचून दाखवायचं राहून गेलं होतं. वन्सं म्हणाल्या, एकदाच उघडलं मी ते, आणि पुढं धीर झाला नाही. साताऱ्याला गेल्यावर, एकटी असताना वाचणार होते.

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही का? तोंड उघडलंही. आणि काय म्हणाले? म्हणाले, "वन्सं, ते करड्या कव्हराचं व्हय? तुमीच न्हवं का बदलायच्या ढिगात टाकलं हुतं?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "माज्या हातानं?"

"व्हय."

त्यांनी एकदासुद्धा शंका घेतली नाही. मान हलवली, उंबऱ्यावर बसल्या आणि आपल्या हातांकडं बघितलं. मला रडू फुटलं. खरंच फुटलं, नाटक नव्हतं ते. तर त्यांनी मला जवळ ओढून घेतलं, पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "येडी हाईस का? तू का रडतीस गं? माजीच चूक झाली न्हवं."

दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला निघाल्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही आवराआवर करा, मी जाऊन येते. गेले. पुस्तक विकलं गेलं होतं, मिरजेच्या कुणीतरी नेलं होतं. हे ऐकून मला काय वाटलं, तेही सांगून टाकते. बरं वाटलं. आता त्या कोऱ्या समासाची पानं वन्संच्या हातात कधी पडणार नव्हती. येताना एसटीत मला झोपसुद्धा लागली.

वन्सं साताऱ्याला गेल्या. माझ्यावरची माया तसूभरही कमी झाली नाही. उलट त्यांनीच यांच्यामागं लागून माझा दहावीचा फॉर्म बाहेरून भरला. परीक्षेच्या आधी मला महिनाभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं. स्वतः खाली अंथरूण टाकून झोपायच्या, मला कॉटवर. भूमिती त्यांना येत नव्हती, तर वसतिगृहातल्या एका मुलीला माझ्याबरोबर बसवायच्या. मी पास झाले. पुढं गावात बालवाडी निघाली, तिथं मी बाई झाले. ज्या आत्याबाई म्हशीच्या धारेसाठी ओरडायच्या, त्या शेजारणीला सांगायला लागल्या, "आमची सून शिकीवती." घरात मला मान आला. माझ्या मुलींनी पाटी धरली तेव्हा त्यांचा हात धरणारी मी होते. असं एकही सुख माझ्या आयुष्यात नाही, ज्याचा धागा मागं मागं नेला तर तो मालनवन्संपर्यंत जात नाही. हे मी रोज मनात म्हणते. त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं, पुष्कळदा. त्या म्हणायच्या, "गप बस, लय बोलतीस."

ते म्हणणं खरं होतं. आणि दुसरं, जे म्हणायचं होतं, ते प्रत्येक वेळी आष्ट्याच्या एसटीत माझ्याबरोबर परत आलं.

वन्सं जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की नवऱ्याचे ते शब्द आपण आपल्या हातानं देऊन टाकले. मला कसं माहीत, तर परीक्षेच्या त्या महिन्यात मी पाहिलं होतं, आणि पुढं साताऱ्याला गेले की दर खेपेला. मुली त्यांच्याकडं वाचायला पुस्तकं मागायला यायच्या आणि त्या कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. पण देण्याआधी त्या पुस्तकाचं पान न् पान उलटायच्या. पहिल्यापासून शेवटापर्यंत, बोटानं समास चाचपत. मुली ताटकळत उभ्या राहायच्या, एकमेकींकडं बघून हसायच्या. एकदा दुपारी एका धीट पोरीनं विचारलंच, "बाई, काय शोधताय तुमी?"

वन्सं हसल्या. "काय न्हाई गं. मागं एकदा चुकले मी. माज्या हातावर माजा इस्वास न्हाई ऱ्हायला."

मी तिथंच बसले होते. त्यांनी केलेली गरम भाकरी माझ्या ताटात होती. मी मान खाली घातली आणि जेवत राहिले.