अप्पांचा पांढरा शर्ट

ओल्या सुती कापडावर तापलेली इस्त्री फिरली की जो वास सुटतो, तो आला की मी आजही खोलीबाहेर निघून जाते. केलगेरीच्या रस्त्यावर भर दुपारी लाकडं भरलेल्या ट्रकनं अप्पांची सायकल उडवली, आणि लोकांनी त्यांना दवाखान्यात न्यायचं सोडून रिक्षात घालून घरी आणलं. आई तेव्हा त्यांचाच पांढरा शर्ट इस्त्री करत होती. रिक्षावाला दारात हॉर्नवर हॉर्न मारत होता, "अक्का, बेग बेग! लवकर चला!" आई मात्र शर्ट घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "असल्या कपड्यांत नेलं तर आपल्या माणसांना बाहेरच बसवून ठेवतात. आधी हा घाला." अप्पा मान हलवून नको नको म्हणत होते. तो हॉर्न, ती गर्दी, बटणांवरचं रक्त, मला काही सुचेना. मीच रक्ताळलेला सदरा कसाबसा उतरवला, त्यांचा डावा हात धरला आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीत घालायला झटक्यात वर केला. आत काहीतरी कटकन वाजलं. अप्पा ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी तो शर्ट कात्रीनं उभा फाडला आणि विचारलं, "खांद्याचं हाड मोडलेलं असताना हात वर कुणी केला?" आई पुढं होऊन म्हणाली, "मी." अप्पांचा तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. खरं काय ते आईनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, अप्पांनीही नाही. आणि मीही नाही.