घरात सगळ्यांना दिसणारा रकाना

दोन वर्षं नोकरी करून माझ्याकडे एक लाख चाळीस हजार साठले होते आणि मला दोन लाख हवे होते. कशासाठी, ते मी घरी सांगितलं नव्हतं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या मेट्रो स्टेशनवर एका सकाळी समोरासमोरच्या फलाटांवर दोन मुली हातांनी बोलत होत्या. मध्ये रूळ, वर अनाउन्समेंट, पण त्यांच्या गप्पा निवांत चालल्या होत्या. एकीची गाडी आली तरी काचेतून वाक्य पूर्ण झालं. गर्दीत ‘जरा सरकता का’ एवढं म्हणायला मला दोन स्टेशनं लागतात. त्या दिवसापासून मला सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचं होतं. कोर्स वर्षभराचा आणि पूर्ण वेळ, म्हणजे नोकरी सोडावी लागणार होती. बाबा केंद्र सरकारातून निवृत्त झालेत. आमच्याकडे नोकरीतून निवृत्त होतात, नोकरी सोडत नाहीत.

गुडगावच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा मुलगा रोज चहाबरोबर आपला फोन दाखवायचा. त्याने क्रिप्टो नाणी घेऊन एका प्लॅटफॉर्मवर ठेवली होती. प्लॅटफॉर्म ती दुसऱ्यांना कर्जाऊ देतो आणि याला व्याज देतो. “यार, तेरे पैसे सो रहे हैं,” तो म्हणायचा. शेवटी मीही खातं उघडलं, पॅन कार्ड चढवलं आणि शेवटच्या पानापर्यंत पोचले. तिथे लिहिलं होतं, रक्कम बारा महिने काढता येणार नाही. म्हणजे कोर्स पुढच्या वर्षी. माझी त्याला हरकत नव्हती. थांबणं मला चांगलं जमतं. आणि थांबलं की घरी काही सांगावंही लागत नाही.

तरी ते शेवटचं बटण दाबण्याआधी पगार जातो कुठे ते पाहावं, म्हणून मी खर्चाचं एक ॲप शोधलं. बाबांनी जेवताना ते पाहिलं.

“कितीला आहे?”

“महिन्याला नव्याण्णव.”

“आणि घरातल्या सगळ्यांसाठी?”

“फॅमिली प्लॅन एकशे एकोणपन्नास. चार माणसं.”

“मग बिल्कुल तोच घे. पन्नास रुपयांत तीन माणसं जास्त.”

“बाबा, आपण तिघंच आहोत.”

“असू दे एक जागा रिकामी. कोणी आलं गेलं तर.”

अशा रीतीने आम्ही तिघंही त्या ॲपमध्ये राहायला गेलो. बँकेचे मेसेज वाचून ते खर्चाच्या रंगीत पट्ट्या काढायचं. माझी सगळ्यात लांब पट्टी कॉफीची होती. ‘ध्येय’ नावाचा एक रकाना होता, त्यात मी इंग्रजीत ‘साइन लँग्वेज, एक वर्ष’ असं लिहिलं आणि दोन लाखांचा आकडा टाकला. तो फक्त मला दिसतो, असं मी धरून चालले.

प्लॅटफॉर्मचं मात्र डोक्यातून गेलं नव्हतं. एका रविवारी आईबरोबर मटार सोलताना मी विचारलं, “ऑफिसातला एक जण पैसे असे व्याजाने देतो. कसं वाटतं तुला?”

“देतो कोणाला?”

“प्लॅटफॉर्मला.”

“आणि तो कोणाला देतो?”

“लोकांना.”

“कोणत्या लोकांना?”

“ते दिसत नाही, आई.”

आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना तिने बारा जणींची भिशी सुरू केली होती: दर महिन्याला प्रत्येकीने तीन हजार द्यायचे आणि सगळे एकीने उचलायचे. बारा जणी दिल्लीभर पांगल्या, पण भिशी चालूच आहे. “वरच्या मजल्यावरच्या आंटीचे तीन महिने थकले होते,” ती म्हणाली. “आम्ही रोज एकेक जण तिच्याकडे चहाला जायचो. चहा पाजून पाजून कंटाळली आणि भरले तिने. तुझ्या या लोकांकडे चहाला कुठे जायचं?”

“पण भिशी व्याज कुठे देते?”

“नाही देत. वेळेवर देते.”

मला पटलं नाही. प्लॅटफॉर्मचं ते शेवटचं पान तसंच उघडं ठेवलं.

मग एके दिवशी माझ्या ध्येयात साठ रुपये जास्त दिसले. दुसऱ्या दिवशी आणखी साठ. शेजारी टीप होती: ‘ई-रिक्षा केली नाही. चालत गेलो.’ नंतर एकशे चाळीस: ‘पपई घेतली नाही. महाग.’

म्हणजे रकाना सगळ्यांना दिसत होता. तीन दिवस मी बाबांशी फक्त हवेबद्दल बोलले आणि तेही बिचारे हवेबद्दलच बोलले. मात्र रोज संध्याकाळी ते वाचवलेले पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवत होते, कारण नोंद केली म्हणजे रक्कम हजर पाहिजे. चौथ्या दिवशी आईची नोंद आली: ‘भिशी, छत्तीस हजार. नोव्हेंबरचा नंबर बदलून जूनचा घेतला. बाकी तुझं तू बघ.’

त्या रविवारी आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये साबुदाणा वडे खायला गेलो. ‘बाहेरचं खाणं’ ही पट्टी कापू या, असं मी वाटेत सुचवलं होतं.

“वडे कापायचे नाहीत,” बाबा म्हणाले. “कॉफी काप.” मग चटणीकडे बघत म्हणाले, “हातांनी वडा कसा म्हणतात?”

“अजून शिकले नाही.”

“अच्छा. कोर्स कधी सुरू होतो?”

“जुलैत.”

“मग राजीनामा एक महिना आधी द्यावा लागेल. मसुदा मला दाखव. तू फार माफी मागतेस.”

आई हसली. मी टेबलाखाली फोन काढला, ते बारा महिन्यांचं पान बंद केलं आणि खातंही. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला अजून व्याज मिळतंय, असं तो सांगतो. मिळो.

बिल बाबांनी दिलं आणि मोठ्या अक्षरांच्या फोनवर नोंदही लगेच केली, पण चुकून माझ्या रकान्यात: ‘वडे, तीन प्लेट.’ वडे खाऊन माझ्या ध्येयात दोनशे दहा रुपये वाढले. ती नोंद मी अजून दुरुस्त केलेली नाही.