रविवारी संध्याकाळी मेस बंद

मी आजवर एकच स्थळ जमवलं आहे, आणि ते जमलं तेव्हा माझ्या तोंडात पावभाजी होती. ते लग्न उत्तम चाललं आहे. नवरा-बायको नांदेडलाच असतात, आमच्या घरापासून फार लांब नाही. पण ते मी जमवलं हे माझ्या घरात कुणाला माहीत नाही. नात्यागोत्यात मी अबोल आणि सरळमार्गी माणूस म्हणून ओळखला जातो. अबोल माणसाची एक सोय असते. त्यानं काय काय सांगितलेलं नाही, हे त्याला कुणी विचारत नाही. आता पन्नाशी उलटली, डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं आहे, तर निदान बाहेरच्या खाण्याबद्दल तरी खरं बोलून टाकावं म्हणतो.

भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. लातुरात रोज एका नव्या क्लासचा बोर्ड लागत होता आणि त्यातल्या एका बोर्डाखाली मी फिजिक्स शिकवत होतो. वय पंचविशीच्या आत. समोर बसणारी काही पोरं माझ्याहून थोराड दिसायची, म्हणून मी मिशी वाढवली. क्लासचे मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, “सर, लोक आपल्या भरवशावर पोरीबाळी पाठवून राहिले. गावात जरा जपून.” मी ते इतकं मनावर घेतलं, की रस्त्यावर उभं राहून पाणीपुरी खाणं सोडलं. मालकांना बहुधा दारू म्हणायचं होतं.

जपून राहायला लातूर हे गाव सोयीचं नव्हतं. तिथल्या सगळ्या मेसचा एक अलिखित नियम होता. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे पुऱ्या, श्रीखंड आणि बटाट्याची भाजी. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे त्या एका संध्याकाळी गावातली झाडून सगळी पोरं रस्त्यावर. पावभाजीच्या गाड्यावर तीच, डोशाच्या हॉटेलात तीच, रसवंतीतही तीच. मी कुठंही बसलो की चारी बाजूंनी “गुड इव्हनिंग सर” सुरू व्हायचं. सोमवारी फळ्याकडं तोंड केलं की मागून कुजबुज, “सर एक्स्ट्रा बटर घेतेत.” आठवडाभर शिकवलेलं सूत्र ज्यांच्या ध्यानात राहत नसे, त्यांच्या ध्यानात माझी प्लेट मात्र पक्की राहायची.

मेसच्या पाण्यानं मला टायफॉईड झाला तेव्हा ती भेटली. आमच्या क्लासच्या इमारतीत तळमजल्यावर रक्त तपासायची लॅब होती, तिथं ती टेक्निशियन होती. सुई टोचायच्या आधी तिनं विचारलं, “काय काय खाल्लं होतं, सर?” मी गेल्या आठवड्याचा पाढा वाचला. “बाहेरचं एकदम बंद करा,” ती म्हणाली. पुढं वर्षभर आम्ही दोघांनी मिळून बाहेरचं एवढं खाल्लं, की तिचा सल्ला ऐकला असता तर आमची ओळख वाढलीच नसती.

ती निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातली. भूकंपात त्यांचं घर पडलं. त्यांच्या घरातली माणसं बाहेर निघाली, मागच्या गल्लीतली निघाली नाहीत. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही डोशाची वाट बघताना, आणि डोसा आल्यावर विषय बदलला. भाऊ आता निलंग्यात भाड्याच्या घरात राहायचा, ती लातूरला मैत्रिणींबरोबर खोली करून.

आमची जागा ठरलेली. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलची फॅमिली रूम. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले खण, वर बुटका माळा, समोर मळकट पडदा. आत बसलं की मी पहिल्यांदा पडदा ओढायचो. ती तो वीतभर उघडायची. मी परत ओढायचो. ती सँडलचे पट्टे कधी सोडायची नाही, पर्स खांद्यावरून उतरवायची नाही, आणि बोलताना तिची नजर माझ्याकडं नसून पाण्याच्या ग्लासाकडं असायची. मला वाटायचं, लाजते आहे.

“तुझ्यासाठीच ओढतो पडदा,” मी एकदा मोठेपणानं म्हणालो. “उद्या कुणी तुला नावं ठेवली म्हणजे?”

“मला ह्या फळ्यांचं भ्या वाटतंय, सर,” ती म्हणाली. “लोकांचं तुम्हाला वाटतंय.”

तरी मी पडदा ओढलाच.

माझी अक्कल किती पुढची होती हे सांगायचं तर खरोशाची सहल सांगावी लागेल. एका सुट्टीला कुठंतरी लांब, विद्यार्थी नसतील अशा ठिकाणी जाऊ म्हणून मी बराच विचार केला आणि भूकंपातून निघालेल्या मुलीला लेणी दाखवायला नेलं. डोक्यावर अख्खा डोंगर. ती पायरीशी थबकली, वर बघितलं, म्हणाली, “तुम्ही या बघून.” मी गेलो. एकटा, सावकाश, खांब न् खांब बघत फिरलो. बाहेर येऊन, लिंबाच्या झाडाखाली पेरू खात बसलेल्या तिला मी लेण्यांची माहिती दिली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि उरलेला अर्धा पेरू माझ्या हातात ठेवला. “बोलून दमलात,” म्हणाली.

अशी वर्षभर माया लावल्यावर एके दिवशी लॅबच्या दारात तिनं सांगितलं, की भाऊ स्थळं बघून राहिलाय. जातीची अडचण नव्हती, शिक्षणाची नव्हती, माझ्या घरचेही फार खळखळ करणारे नव्हते. अडचण होतो तो मी. उद्या क्लासभर झालं, की सरांचं लॅबवाल्या ताईंशी जमलंय, तर मालक काय म्हणतील, पालक काय म्हणतील, या विचारानं मला परत टायफॉईड व्हायची वेळ आली होती.

“या रविवारी औसा रोडच्या नव्या गार्डन हॉटेलात जाऊ,” ती म्हणाली. “उघड्यावर, हिरवळीवर. चार माणसांत माझ्यासंगं बसा. आणि पुढच्या रविवारी निलंग्याला येऊन दादाशी बोला. एवढं जमत असंल तर मी त्याला थांबवते. न्हाई तर तसं सांगा.”

“जमतंय की,” मी म्हणालो.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. झाडांना रंगीत बल्ब, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वर नुसतं आभाळ. ती आधीच येऊन बसली होती. पर्स टेबलावर, सँडल काढून बाजूला, पाय गवतात. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून बोलत होती. मी मात्र फाटकाकडं बघत होतो. अर्धा क्लास तिथंच होता, मेस बंद होती ना. पण पोरं लांबून हात करून आपापल्या मंचुरियनला लागली. आभाळ पडलं नाही. मला वाटलं, एवढंच होतं होय? पावभाजी आली. मी पहिला घास घेतला.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. “काय सर! वळखलं का? हदगावचा. पोरगं तुमच्याच बॅचला हाय की.” कापसाचे व्यापारी, मोठा देह, मोठा आवाज. पोराला भेटायला आले होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं. “ह्या कोण म्हणायच्या?”

तोंडात घास होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस काहीही खरं बोलू शकला असता. मी म्हणालो, “मावसबहीण. निलंग्याची.”

तिचा हात पावावर तसाच राहिला. मग तिनं हसून हात जोडले. “नमस्कार काका.”

गृहस्थांनी खुर्ची ओढली. “असं का! मग आपल्यातल्याच की. लगीन झालंय का, बाई?”

“न्हाई.”

“नोकरी?”

“लॅबमध्ये हाय.”

“झालं मग!” त्यांनी टेबलावर हात मारला, माझा कांदा सांडला. “आमचा पुतण्या नांदेडला सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट हाय. एकदम गरीब स्वभाव. त्याला अशीच दवाखान्याच्या लाईनीतली पाह्यजे. काय सर, तुमचं काय मत?”

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, अगदी सरळ. तिनं मला आणखी एक संधी दिली, हे मला आज कळतं. म्हणाली, “मी काय सांगू, काका? ह्या दादांना विचारा. ते म्हणतील तसं.”

वर्षभरात तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती, सरच म्हणायची. पण दादा ऐकून मला आतून काही झालं. बाहेरून मात्र मी मिशी पुसली आणि म्हणालो, “पाहा की. चांगलं स्थळ दिसतंय.”

“पत्ता द्या तेवढा.”

मी दिला. नुसतं निलंगा सांगून भागलं असतं. मी भावाचं नाव, गल्ली, जवळची खूण, सगळं नीट दोनदा सांगितलं. शिकवायची सवय. “पुढच्या रविवारीच बघायला जातो,” म्हणत काका खूश होऊन गेले, जाताना वेटरला म्हणाले, “सरांकडं ध्यान दे रे.” तिनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं पाव ठेवला. “खा, दादा. गार होऊन राहिलंय.” आणि मी खाल्ला. तो पाव मी का खाल्ला याचं उत्तर मला आजही देता येत नाही. भूक होती, असंच म्हणावं लागेल.

रिक्षा स्टँडपर्यंत ती माझ्या पुढं चार पावलं चालली. रिक्षात बसताना म्हणाली, “घाबरलात, ते समजलं मला. पण पत्ता कशाला दिलात?” मी रिक्षावाल्याला भाडं विचारू लागलो. ती म्हणाली, “पुढच्या रविवारी या. त्यांच्या आधी या. मी घरी हाय.”

मी गेलो. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, तिलासुद्धा नाही. त्या रविवारी मी पेढ्यांचा पुडा घेऊन निलंग्याच्या एसटीत बसलो. वाटेत तिच्या दादाशी काय बोलायचं याची मनातल्या मनात तयारी केली. प्रस्तावना, मुद्दा, निष्कर्ष. स्टँडवर उतरलो. तिचं घर चालत जायच्या अंतरावर होतं, पत्ता माझ्याइतका कुणाला पाठ नव्हता. पण उपाशीपोटी कसं बोलायचं, म्हणून कँटीनमध्ये भज्यांची प्लेट घेतली. प्लेट संपली तेव्हा वाटलं, दुपारची वेळ आहे, ते झोपले असतील. चहा घेतला. मग वाटलं, हदगावचे लोक आधीच आले असतील, आपण मध्येच जाऊन कोण म्हणून उभं राहायचं? मावसभाऊ म्हणून? आणखी एक प्लेट घेतली. लातूरची गाडी लागली तेव्हा कंडक्टर ओरडला आणि मी उठलो, जणू तो मलाच बोलवत होता. पेढे वाटेत शेजारच्या म्हातारीला दिले. तिनं विचारलं, कशाचे? मी म्हणालो, देवाचे.

सोमवारी लॅब उघडायच्या वेळेला मी जिन्याशी उभा होतो. ती कुलूप काढत होती.

“काल आला न्हाई तुम्ही.”

“निघालो होतो,” मी म्हणालो. “गाडी चुकली.”

तिनं कुलूप काढून पर्समध्ये ठेवलं. दार पूर्ण उघडं केलं, त्याला खाली वीट लावली. मग माझ्याकडं वळून, राग नाही, काही नाही, पेशंटला रिपोर्ट सांगतात तशा आवाजात म्हणाली,

“निलंग्याला अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी हाय, सर.”