सुट्टीचा मान

शहराच्या भर वस्तीत, एका बाजूला टायरचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला बँक, अशा कोंडीत ती शाळा उभी आहे. परदेशातून आलेल्या काही फादर लोकांनी ती एका भाड्याच्या गोदामात सुरू केली, असं दर्शनी भिंतीवरची संगमरवरी पाटी सांगते. गोदामात आधी कसला माल होता ते पाटी सांगत नाही. जुनी माणसं दारूची पिंपं म्हणतात, फादर लोक धान्य म्हणतात. पुढे दगडी इमारत झाली, मागे चर्च झालं, आणि दर काही वर्षांनी नवा प्रिन्सिपल येत गेला. एकाने मैदानात फरशी घातली, दुसऱ्याने ती उखडून माती टाकली, तिसऱ्याने मातीत झाडं लावली आणि चौथ्याने पोरांना खेळायला जागा नाही म्हणून झाडं काढली. शाळेची प्रगती म्हणतात ती हीच.

प्रिन्सिपल बदलले तरी एक रिवाज मात्र बदलला नाही. शाळेत राहून गेलेले एखादे फादर वारले, की शाळेला दिवसभर सुट्टी. ब्रदर वारले, की मधल्या सुट्टीनंतर घरी. आणि साधे शिक्षक, म्हणजे ज्यांना बायकापोरं असतात ते, वारले तर सकाळच्या प्रार्थनेत दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि गपचूप वर्गात जायचं. मरणापुढे सगळे सारखे, असं धर्माच्या तासाला शिकवत, ते वेगळं.

या शाळेत सरांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांचं खरं नाव पोरांना निकालपत्रावरच्या सहीपुरतं माहीत. एरवी ते 'हातचा', कारण बेरीज चुको की समीकरण, "हातचा कुठे ठेवलास?" असं विचारून ते टपली मारायचे. सर फादर नव्हते, त्या धर्माचेही नव्हते, पण प्रार्थनेला सगळ्यांत ताठ उभे राहत. प्रार्थनेत कोणी डोळे उघडले ते त्यांना बरोबर कळायचं. मग तुमचे मिटलेले नव्हते का, असं विचारायची छाती एकाही पोराला झाली नाही.

सुट्टीशी तर त्यांचं हाडवैर. एकदा पाण्याचा मोठा पाइप फुटून वर्गांत तळं झालं, शाळा सोडली, तर यांनी दहावीचा वर्ग जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून प्रमेय पुरं केलं. त्यांची आई गेली त्या दिवशी चाचणी होती. सरांनी पेपर पुरा घेतला, गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, कुलूप ओढून पाहिलं आणि मग घरी गेले. लोकांनी नावं ठेवली. सर म्हणाले, आई गेलेली आहे, ती वाट पाहील. पोरं अभ्यास करून आलीत, ती कशी थांबतील?

अशा माणसाला म्हातारपणी सुट्टीचं वेड लागलं, म्हणजे पाहा.

झालं असं. निवृत्तीनंतर सर शाळेसमोरच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होते. खिडकीत बसलं की मैदान दिसे. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. तिला सगळी शाळा वहिनी म्हणे. एका सकाळी भूगोलाचे जुने मास्तर गेले. सरांचे जिवलग. सर मुद्दाम प्रार्थनेला जाऊन उभे राहिले. प्रिन्सिपलना मीटिंगची घाई होती, त्यामुळे दोन मिनिटांची शांतता निम्म्यातच उरकली. नकाशावर आयुष्य घालवलेला माणूस, त्याला धड दोन मिनिटंही मिळाली नाहीत. आणि पुढच्याच महिन्यात शाळेच्या मागच्या बंगलीत राहणारे एक म्हातारे फादर वारले. भले गृहस्थ होते, पण त्यांनी या शाळेत गुलाबांना पाणी घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. त्यांच्यासाठी दिवसभर सुट्टी. पोरं टोप्या उडवत, ओरडत फाटकातून बाहेर पडली, ते सरांनी खिडकीतून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून प्रिन्सिपलच्या खोलीत हजर. हे तरुण प्रिन्सिपल फादर सरांचेच विद्यार्थी. गणितात काठावर पास झालेले. ते देवाकडे वळले त्याला तेही एक कारण असावं, असं सर खाजगीत म्हणत.

"फादर, मी गेल्यावर शाळेला सुट्टी पाहिजे. पूर्ण दिवस," सर म्हणाले.

प्रिन्सिपलनी आधी तुम्ही शंभरी गाठाल वगैरे करून पाहिलं. सरांनी सांगितलं, उत्तर विषयाला धरून दे. मग प्रिन्सिपल अडचणी सांगू लागले. एकाला दिली की पीटीचे सर मागतील, ऑफिसातले मागतील, उद्या कॅन्टीनवाला मागेल.

"मेल्यावर कोण मागायला येतो?"

"तुम्ही आलातच की, सर."

"मी आगाऊ आलोय," सर म्हणाले आणि खुर्चीत आणखी रेलून बसले. ते उठायचं लक्षण दिसेना, तेव्हा प्रिन्सिपल अर्ध्या दिवसावर आले. अर्धा दिवस ब्रदरना देतात, मी काय ब्रदर आहे का, असं सरांनी विचारलं. आयुष्यभर सुट्टीत जादा तास घेतले त्यातला एक दिवस परत मागतोय, असंही म्हणाले. शेवटी फादरनी हात टेकले. पूर्ण दिवस. पण जुना नियम पाळायचा: ज्या दिवशी बातमी येईल त्याच दिवशी शाळा सुटेल. शिळ्या बातमीवर सुट्टी नाही. पूर्वी एक फादर मोठ्या सुट्टीत वारले होते आणि पोरांनी शाळा उघडल्यावर ती सुट्टी भरून मागितली होती. तेव्हापासूनचा तो नियम. आणि ही गोष्ट आपल्या दोघांतच ठेवायची.

संध्याकाळपर्यंत ती टायरच्या दुकानातही माहीत झाली होती.

त्या दिवसापासून सरांचा दिनक्रम बदलला. शनिवारी दुपार झाली की ते प्रकृतीला जपू लागत, सोमवारी प्रार्थनेची घंटा होईपर्यंत. रविवारी जिना उतरत नसत. मोठी सुट्टी लागली की गोळ्या वेळेवर, मीठ बंद, गोड बंद, रस्ता ओलांडायचा तर वहिनींचा हात धरून. आणि शाळा उघडली की मग काय, भजी म्हणू नका, जिलेबी म्हणू नका. खालच्या मजल्यावरचा डॉक्टर कपाळाला हात लावायचा. त्याला या दुखण्याचं वेळापत्रक कळेना.

पोरांना मात्र कळलं. ज्या खिडकीखालून पोरं मान खाली घालून पळायची, तिथे आता ती थांबून चौकशी करू लागली. सर, बरं आहे ना? सर, खोकला कसा आहे? चाचणी जवळ आली की चौकशी वाढे. सर खुशीत येत. पोरं का विचारतात हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते, पण चौकशी ती चौकशी.

वहिनींना हा प्रकार मुळीच सोसत नसे. आपल्या नवऱ्याच्या मरणावर टपलेली ही टोळधाड बघून त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची मेल्यावरही जायची नाही, असं त्या शेजारणीला सांगत. एकदा न राहवून त्यांनी सरांपुढे ताट आदळलं आणि विचारलं, माणूस देवाकडे आयुष्य मागतो, तुम्ही हे काय मागून बसलात?

सर बराच वेळ भात कालवत राहिले.

"अगं, मला बघून पोरांनी जन्मभर तोंडं पाडली," ते म्हणाले. "एकदा तरी माझ्या नावाने ओरडत बाहेर पळू देत."

त्यानंतर वहिनींनी तो विषय काढला नाही. उलट पोरांनी खालून हाक मारली की त्याच खिडकी उघडून देत.

सरांनी रविवार धरले, मोठ्या सुट्ट्या धरल्या, स्नेहसंमेलनाच्या गडबडीचे दिवससुद्धा धरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढणाऱ्या या माणसाने आपल्या हिशेबात परीक्षा मात्र धरली नव्हती. परीक्षा हा त्यांच्या लेखी अडचणीचा दिवस नव्हताच, तो आनंदाचा दिवस होता.

वार्षिक परीक्षेच्या पहिल्या सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या, तर सर उठले नाहीत. खालचा डॉक्टर आला, त्याने मनगट धरलं, मान हलवली. झोपेतच गेलेत, म्हणाला. नातेवाइकांना मी फोन करतो, शाळेला कळवायचं ना?

वहिनी फोन हातात घेऊन खिडकीशी आल्या. खाली फाटकापाशी गर्दी होती. पोरं पुस्तकात डोकी खुपसून पुटपुटत होती, आया कंपासपेट्या पुन्हापुन्हा उघडून बघत होत्या, एक बाप मुलाला रस्त्यातच सूत्रं विचारत होता. पहिला पेपर बीजगणिताचा होता. पाच-सहा पोरांनी आशेने वर पाहिलं. आज तरी, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. खिडकीत वहिनी दिसल्या म्हणून त्यांनी हात हलवला.

वहिनींनीही हात हलवला.

एक फोन केला असता की झालं होतं. प्रिन्सिपलनी शब्द दिलेला होता आणि तो माणूस शब्द मोडणारा नव्हता. पेपर पुढे गेला असता, टोप्या उडाल्या असत्या, आणि ज्यासाठी सर खिडकीत बसून वाट पाहत होते ते सगळं त्यांना मिळालं असतं. नवऱ्याने जन्मात एवढी एकच गोष्ट हौसेने मागितली होती. वहिनींनी नंबर लावला, पलीकडे घंटी वाजायच्या आत तोडला, परत लावला, परत तोडला. मागे वळून पलंगाकडे पाहिलं. मग फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

"पेपर सुटू दे," त्या डॉक्टरला म्हणाल्या.

घंटा झाली. फाटक रिकामं झालं. शाळा इतकी गप्प झाली की टायरच्या दुकानातला पंप ऐकू येऊ लागला. वहिनी सरांच्या उशाशी खुर्ची घेऊन बसल्या, पांघरूण सारखं केलं आणि तशाच बसून राहिल्या. त्यांचे भाऊ-भावजय आले, कुजबुजत बसले. शाळेला कळवलं का, असं भावजयीने दोनदा विचारलं. वहिनींनी दोन्ही वेळा नुसता हात वर केला.

पेपर सुटल्याची घंटा झाली तशी पोरं एकदम बाहेर उसळली. पेपर सोपा गेला असावा, कारण ओरडा असा होता की खिडकीची तावदानं थरथरली. वहिनींनी खिडकी पूर्ण उघडली, सरांच्या बाजूची. ओरडा जरा विरल्यावर त्यांनी फोन उचलला.

सर गेले, एवढंच त्या प्रिन्सिपलना म्हणाल्या. कधी गेले ते त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांचा आवाज चढला.

"वहिनी, सकाळीच का नाही सांगितलंत? मी शब्द दिला होता. त्याच क्षणी शाळा सोडली असती."

"पेपर होता ना, फादर. गणिताचा."

मग प्रिन्सिपल म्हणाले, नियम गेला खड्ड्यात, मी उद्या शाळा बंद ठेवतो. पूर्ण दिवस. कोण काय म्हणेल ते मी बघून घेईन.

"छे छे, भलतंच काय," वहिनी घाईघाईने म्हणाल्या. "उद्या भूमितीचा पेपर आहे. तो पुढे गेला तर हे मला घरात घ्यायचे नाहीत."

बोलून झालं आणि त्यांची नजर पलंगाकडे गेली. घरात घ्यायला किंवा न घ्यायला आता कोणी उरलेलं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून, सकाळपासून पहिल्यांदा, वहिनी हमसून हमसून रडल्या.